श्रावणातला राजीनामा

माझे वडील दरवर्षी श्रावणात राजीनामा देत. काही घरांत श्रावणात सत्यनारायण असतो, काही घरांत मंगळागौर असते, आमच्या घरात राजीनामा असे. नागपंचमी झाली की आई तयारीला लागायची. पोहे निवडून ठेवायची, सतरंजीला ऊन दाखवायची, कान तुटलेले कप फळीवर मागच्या रांगेत ढकलायची. राजीनामा दिला की शिष्टमंडळ येणार हे ठरलेलं होतं. शिष्टमंडळाने विनवायचं, अण्णांनी तीनदा नाही म्हणायचं, चौथ्या वेळी छताकडे बघत उसासा सोडायचा आणि "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" इथवर येऊन वाक्य अर्धं सोडायचं. त्या अर्ध्या वाक्यावर पोहे बाहेर येत. आई आत कढईपाशी कान देऊन बसलेली असे आणि दुसऱ्या 'नाही'ला लिंबू चिरायला घेई. खालच्या मजल्यावरच्या शांताबेन फोडणीचा वास आला की जिन्यातून विचारायच्या, "मास्तर, आ वरसे पण आपी दीधुं?" म्हणजे यंदाही दिलात का, आणि अण्णा गंभीरपणे मान हलवायचे, जणू घरात कुणी आजारी आहे.

सुरतेतल्या मराठी लोकांत आजही एखादं जुनं माणूस भेटलं तर सांगतं की अण्णांनी गरिबांची शाळा सोडली आणि ते साहेब लोकांच्या शाळेत गेले. अण्णांच्या शोकसभेत एका गृहस्थांनी त्यांना 'व्यवहारी' म्हटलं आणि ते कौतुकाने म्हटलं, म्हणजे तर आणखीच वाईट. अण्णा पुष्कळ काही होते. हेकट होते, स्तुतीचे भुकेले होते, स्वतःच्या अक्षराच्या प्रेमात होते. पण व्यवहारी नव्हते. आमच्या घरात व्यवहारी माणूस एकच होता आणि तो तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. तो आता म्हातारा झाला आहे आणि त्याची स्मरणशक्ती, दुर्दैवाने, शाबूत आहे.

आम्ही गोपीपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. खिडकीखाली जरीचा कारखाना होता, त्याची घरघर दिवसभर चाले आणि ती थांबली की आपण बहिरे झालो असं वाटे. अण्णा नगरपालिकेच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा लिंबायतच्या बाजूला होती. तेव्हा तिकडे अर्धी शेतं आणि अर्ध्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड होत्या, आणि तिथे जायला रेल्वेचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा बोगदा, ओलांडावं लागे. पावसाळ्यात त्या गरनाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं, आणि अण्णा सायकल खांद्यावर घेऊन धोतर सावरत पलीकडे जायचे. शाळा म्हणजे पत्र्याखालच्या चार खोल्या. भिंतीपलीकडे लूम. मुलं खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची, घरी अहिराणी बोलणारी आणि सगळी मोठ्याने बोलणारी, कारण जन्मल्यापासून त्यांनी लूमच्या वरचढ आवाज काढल्याशिवाय कुणाला काही सांगितलंच नव्हतं. पाढे ती लूमच्या ठेक्यावर म्हणत. वीज गेली की लूम थांबत आणि चौदाचा पाढा मध्येच लुळा पडे. अण्णा मग टेबलावर डस्टर आपटून ठेका देत. मी लहानपणी ते पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं की जगातल्या सगळ्या शाळांत मुख्याध्यापकाचं काम हेच असतं.

ही शाळा कायम बंद पडायच्या बेतात असे. पट कमी, शिक्षक कमी, छप्पर तर सर्वांत कमी. आणि श्रावणात तिची कसोटी लागे. कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणातल्या एका रविवारी ती घराघरांत बसते आणि तिचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायच्या असतात. भाऊबंद गावी, म्हणून लूमवालाही गावी. मालक ओरडो, ताप असो, भुसावळकडची पॅसेंजर भरभरून जायची आणि तिच्याबरोबर आमची सगळी शाळा जायची. नेमक्या त्याच आठवड्यात तपासणीला साहेब येत. रिकाम्या वर्गांत चार खडू, एक नकाशा आणि अण्णा. साहेब म्हणत, "मास्तर, ही शाळा कुणासाठी चालवायची?" अण्णा त्या संध्याकाळी घरी येऊन राजीनामा लिहीत. तो टपालात कधी पडत नसे. कोटाच्या खिशात राही आणि बातमी मात्र स्वतःच्या पायांनी गरनाळं ओलांडून लिंबायतला पोचे. बातमी नीट पोचावी याची काळजी अण्णा स्वतः घेत.

शिष्टमंडळाचे प्रमुख होते जगन आप्पा. एका लूम कारखान्यात मुकादम, उंच, काळे, पांढरीशुभ्र टोपी आणि हातात हिवाळ्या-पावसाळ्यात छत्री. त्यांचा मुलगा नामदेव अण्णांच्या शाळेत शिकून सातवी झाला होता, आणि आप्पांच्या लेखी सातवी म्हणजे जवळपास कलेक्टर. ते आले की सतरंजीच्या कडेलाच बसायचे आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारायचे: "गुरुजी, तुम्ही गयात तं पोरेस्नं काय व्हई?" अण्णांना हा प्रश्न इतका आवडे की त्याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही.

शिष्टमंडळातली दुसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे दातेसाहेब, बँकेतले अधिकारी आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही सुरतेत राहत होतो, पण मंडळात सगळे पुण्यात राहत. गणपतीत तीन अंकी नाटक, कोजागिरीला मसाला दूध, आणि दर सभेत एक ठराव, की मराठी शाळा टिकली पाहिजे. दातेसाहेब त्या ठरावावर बोलताना चष्मा काढून पुसत. मायबोलीचा दिवा, तेल, वात, वादळवारा, सगळं त्यात यायचं. त्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत जात. मंडळातल्या इतरांची गुजराती शाळेत. मराठी शाळा टिकावी असं ज्यांना कळकळीने वाटे त्यांपैकी एकाचंही मूल त्या शाळेत नव्हतं. मीसुद्धा गुजराती शाळेतच शिकलो, मुख्याध्यापकांचा मुलगा असून. आई म्हणायची, गरनाळ्यात पाणी फार साचतं. उन्हाळ्यात ते कोरडं असे, पण हा मुद्दा आमच्या घरात कधी निघाला नाही.

आप्पा गावाहून परतताना आमच्यासाठी रोट आणत. स्वच्छ फडक्यात बांधलेले, तुपाचा वास येणारे. शिष्टमंडळ यायच्या आधी ते सकाळी येऊन फडकं आईच्या हातात देऊन जात. आई हसून ते घेई, आणि त्यांची पाठ वळली की फडकं बाजूला ठेवून हात धुई. तिचं सोवळं फारसं उरलं नव्हतं. हॉटेलातलं खमण ती खाई, शांताबेनच्या घरचा हांडवो खाई. पण लूमवाल्यांच्या चुलीवरचं शिजलेलं तिच्या घशाखाली उतरत नसे आणि हे ती कबूलही करत नसे. अन्न टाकायचं तर नाही. म्हणून ते गाईला. खाली भरवाडाची, म्हणजे गवळ्याची, एक तांबडी गाय बांधलेली असे, तिला कुंकू लावून आई रोट चारायची. "गाईच्या मुखात गेलं म्हणजे देवाला पोचलं," असं म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. संध्याकाळी आप्पा विचारायचे की रोट कसे झाले होते, आणि ज्यांनी ते पाहिलेही नसत ते अण्णा सांगायचे, "उत्तम. फारच उत्तम." मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ते हाच शेरा देत.

मी ज्या श्रावणाबद्दल लिहितो आहे त्या श्रावणात एक गोष्ट वेगळी होती. या वेळी अण्णांना जायला खरोखरच जागा होती. दातेसाहेब अठवा लाइन्सला एक नवी इंग्रजी शाळा काढणाऱ्या ट्रस्टवर होते. त्यांना शिस्तीचा, अनुभवी, धोतरातला आणि घाबरट असा माणूस पर्यवेक्षक म्हणून हवा होता. राहायला शाळेच्या आवारातच बैठं घर, पुढे मोगरा लावता येईल एवढी जागा. हा प्रस्ताव घेऊन दातेसाहेब आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मायबोलीच्या दिव्याचा उल्लेख केला नाही. अण्णांनी विचार करून सांगतो म्हटलं. म्हणजे त्यांनी ठरवलं काहीच नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे राजीनामा लिहून खिशात ठेवला आणि आईला म्हणाले, "आप्पा येऊ देत. ते काय म्हणतात बघू." साऱ्या आयुष्याचा निर्णय त्यांनी जगन आप्पांच्या एका प्रश्नावर टांगून ठेवला होता. आप्पांनी विचारायचं, आणि अण्णांनी राहायचं. मोगरा नाही तर नाही.

मला मात्र मोगरा हवा होता. खरं तर मला दातेसाहेबांची सुनंदा हवी होती. मंडळाच्या नाटकात ती नायिका होती आणि मी दुसऱ्या अंकात एकदा येऊन "साहेब, गाडी तयार आहे" एवढं सांगून जाणारा शिपाई. तालमीत एकदा तिने मला विचारलं होतं, "तुझे वडील त्या लूमवाल्यांच्या शाळेत आहेत ना?" बास, एवढंच. त्यात तिरस्कारही नव्हता, नुसती चौकशी होती. पण त्या रात्रीपासून मला आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला लूमच्या तेलाचा वास येऊ लागला. पर्यवेक्षकाचा मुलगा, बैठं घर, दातेसाहेबांचं जाणं-येणं, असं सगळं मी मनात लावून ठेवलं होतं. (सुनंदाचं पुढे बडोद्याच्या एका इंजिनियरशी लग्न झालं. पत्रिका आली होती. माझं नाव त्यावर चुकीचं छापलं होतं.)

त्या दिवशी सकाळी अण्णा शाळेत गेले होते. आप्पा रोट घेऊन आले तेव्हा दार मी उघडलं. फडकं माझ्या हातात देऊन ते जरा थांबले. गरनाळ्यातून आले होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. एरवी ते माझ्याशी फार बोलत नसत, मी कॉलेजात जातो याचा त्यांना धाक होता. त्या दिवशी बोलले. "रोट बाहेर देतस नही, भाऊ. गुरुजी घरना शेतस म्हणीसन देस." रोट परक्याला द्यायचे नसतात, गुरुजी घरचे आहेत म्हणून देतो. इतकी वर्षं ते रोट आमच्या घरी येत होते आणि ते काय आहेत हे आम्हांला त्या दिवशी, म्हणजे फक्त मला, पहिल्यांदा कळलं. मी मान हलवली. संध्याकाळी सगळे मिळून येतो, असं सांगून ते जिना उतरले.

मी फडकं आत नेलं. आईने कढीपत्ता निवडता निवडता नेहमीचं सांगितलं, "गाईला घाल, कुंकू लाव आधी." मी तिला आप्पांचं बोलणं सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. तिने कदाचित एक तुकडा तोंडात टाकलाही असता, डोळे मिटून, औषधासारखा. मी खाली गेलो, गाईला कुंकू लावलं आणि रोट तिच्यापुढे धरले. तिने पहिला रोट खाल्ला आणि दुसऱ्याला तोंड घातलं तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. आप्पा छत्री विसरले होते.

ते गाईकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे. माझ्या हातात त्यांचं फडकं होतं. मला वाटलं, आता हे रोटांबद्दल विचारतील, आणि मी आईचं ते देवाला पोचल्याचं वाक्य तयार करू लागलो. पण त्यांनी रोटांबद्दल विचारलं नाही.

"भाऊ," ते म्हणाले, "गुरुजीस्ले खरंच जावानं शे का?"

मी म्हणालो, "हो आप्पा. या वेळी खरंच."

आप्पा वर जाऊन छत्री घेऊन आले, उतरताना माझ्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं, झटकलं, घडी घातली आणि गेले. गाईने उरलेला रोट खाल्ला.

संध्याकाळी शिष्टमंडळ आलं. आईने पोहे भिजवले होते. अण्णा धुतलेलं धोतर नेसून भिंतीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर दरवर्षीचं ते दुखणं होतं. पाच-सहा लूमवाले आले, दातेसाहेबही आले आणि आप्पा सतरंजीच्या मधोमध बसले. त्यांनी पिशवीतून शाल काढली. मग नारळ काढला. अण्णा त्या वस्तूंकडे ओळख न पटल्यासारखे बघत राहिले, लग्नघरी बारशाचा पाळणा आल्यावर बघतील तसे. आप्पा उभे राहिले आणि बोलू लागले, आणि पहिल्याच वाक्यापासून ते शुद्ध मराठीत बोलत होते. आमच्या मराठीत. इतक्या वर्षांत ते आमच्या घरात आमच्या भाषेत कधी बोलले नव्हते. "गुरुजींनी आमच्या मुलांसाठी पुष्कळ केलं. आता गुरुजींना पुढे जायचं आहे. आम्ही त्यांना अडवणार नाही. आमच्या शुभेच्छा आहेत."

अण्णा सवयीने म्हणाले, "नाही, नाही." हा पहिला 'नाही' होता. त्यानंतर कुणी विनवायला हवं होतं. कुणीच विनवलं नाही. दातेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. शाल अण्णांच्या खांद्यावर पडली, नारळ ओंजळीत आला. अण्णांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खाली बघत होते. अण्णांनी छताकडेही पाहिलं, पण उसासा आला नाही. मग ते माझ्याकडे वळले. मी दारात उभा होतो. मला अजून वाटतं की त्यांना मी काहीतरी बोलायला हवा होतो. मी माझ्या भूमिकेला शोभेल असंच वागलो. साहेब, गाडी तयार आहे.

आत आई लिंबू हातात घेऊन दुसऱ्या 'नाही'ची वाट बघत बसली होती. टाळ्या ऐकून ती गोंधळली आणि तिने पोहे बाहेर पाठवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही ते परतून खाल्ले. दातेसाहेब निघताना म्हणाले, "मास्तर, एक तारखेपासून या मग." अण्णा म्हणाले, "बरं."

ते गेले. बैठ्या घरापुढे मोगरा लावला, तो चांगला फुलला. इंग्रजी शाळेत त्यांचं काम मुलांना रांगेत उभं करणं हे होतं. 'चेअर' म्हणताना ते त्या खुर्चीकडे थोडं आदराने बघत, तिला दुखवलं तर नाही ना, अशा नजरेने. लिंबायतची शाळा पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत मिसळली, ती लांब होती, आणि मोठी मुलं तिथे जायच्याऐवजी लूमवर बॉबिन भरायला बसली. मंडळाने त्यावर निषेधाचा ठराव केला. दातेसाहेबांनी चष्मा पुसला. आणि अण्णा दर श्रावणात, नागपंचमी झाली की, कारण नसताना फाटकापर्यंत जाऊन येत. आई त्यांना विचारत नसे, पण पोहे ती निवडून ठेवत असे. आप्पा एकदाही आले नाहीत. अण्णा एकदाच म्हणाले, "ती माणसं मला कंटाळली होती रे. मला कळायला हवं होतं." मी पेपर वाचत होतो. पेपर वाचत राहिलो.

पुढची सगळी वर्षं मी ही गोष्ट स्वतःला एका ठरावीक तऱ्हेने सांगत आलो. गैरसमज झाला. आमच्याकडे गाईला घालणं हा मान, त्यांच्याकडे रोट परक्याच्या तोंडी जाणं हा अपमान. दोन्ही माणसं चांगली, मधे गाय आली. गोष्ट अशी सांगितली की तिच्यात मी जवळजवळ नसतोच. बायकोला मी ती अशीच सांगितली होती, ती हळहळली आणि म्हणाली, बिचाऱ्या आई. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

गेल्या श्रावणात मी लिंबायतला गेलो. आता तिथे शेत औषधालाही नाही. कानबाईसाठी कुणाला गावी जावं लागत नाही, भाऊबंद सगळे इथेच येऊन राहिले आहेत. बँड लावून देवीची मिरवणूक चालली होती आणि माझी रिक्षा तिच्या मागे मुंगीच्या पावलाने. जगन आप्पा जाऊन पुष्कळ काळ झाला होता. नामदेव भेटला, स्वतः आजोबा झालेला. त्याने मला ओळखलं नाही, अण्णांचं नाव सांगितल्यावर मात्र एकदम उठून उभा राहिला, वर्गात राहतात तसा. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. गैरसमज, सोवळं, गाय, सगळं. आईच्या वतीने क्षमा मागितली. हे मी चांगलं बोललो, मनात पुष्कळदा बोलून ठेवलं होतं.

नामदेव ऐकून हसायला लागला. वाईट नाही, मोकळं हसला.

"गाईचं आप्पांना माहीतच होतं की," तो म्हणाला. "दरवर्षी बघायचे. घरी येऊन सांगायचे, बामणना घरमा गाय बी भाऊबंदच शे. त्यांना त्याचं काही नव्हतं वाटत."

"मग त्या वर्षी शाल का आणली?"

नामदेवने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं, सोपं गणित न आलेल्या मुलाकडे पाहावं तसं. "तुम्हीच सांगितलं ना आप्पांना, या वेळी खरंच जायचंय म्हणून. घरचा पोरगा सांगतो म्हटल्यावर अडवायचं कसं? आप्पा म्हणाले, नेहमीसारखं विनवलं तर गुरुजी भिडेखातर राहतील, मग त्यांचं नुकसान."

बाहेर बँड वाजत होता. घरात तुपाचा आणि भाजलेल्या गव्हाचा वास भरून राहिला होता, पितळी परातीत झाकून ठेवलेले रोट मला बसल्या जागेवरून दिसत होते. नामदेवची सून परातीजवळ जाऊन थांबली आणि तिने सासऱ्याकडे पाहिलं. नामदेवने मान हलवली नाही, तो माझ्याशी बोलत राहिला, अण्णांच्या अक्षराबद्दल. थोड्या वेळाने चहा आला. बरोबर बशीत बिस्किटं होती, पाहुण्यांना देतात तशी, नीट गोल मांडलेली.